पंपात निघतं तेवढंच दूध असतं असं तुला कोणी सांगितलं?

पत्र (जागेसाठी थोडं छोटं केलंय):

ताई, मी डोंबिवलीला राहते आणि अंधेरीला एका कंपनीत अकाऊंट्सला आहे. मुलगी पावणेसहा महिन्यांची. रजा संपून जॉईन होऊन दोन आठवडे झाले. सकाळी ७:५० ला घर सोडते ते परत यायला सव्वासात होतात. नणंदेचा जुना इलेक्ट्रिक पंप वापरतेय, ऑफिसात दोनदा काढते आणि तेही टॉयलेटमध्ये बसून, कारण दुसरी जागाच नाहीये. दिवसभरात १५० मिली निघतं, कधी त्याहून कमी. मुलीला सासूबाई सांभाळतात, त्या म्हणतात तिला १२०-१२० च्या चार बाटल्या लागतात, म्हणजे ४८०. रजेत साठवलेलं फ्रीजरमधलं दूध संपत आलंय. सासूबाईंचं म्हणणं पंपाने दूध आटतं, आणि फ्रिजमधलं शिळं पाजण्यापेक्षा डब्याचं सुरू कर. इन्स्टावर बायकांचे फ्रीजर गच्च भरलेले बघते आणि रडू येतं. मॅनेजर पुरुष आहे, त्याला काय सांगायचं? माझं दूध खरंच कमी झालंय का?
— डोंबिवलीची एक आई

उत्तर:

अगं डोंबिवलीकर, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, पहिल्यांदा आई म्हणून वाचलं तेव्हा मलाही भरून आलं कारण टॉयलेटचं झाकण लावून त्यावर बसून मांडीवर बाटली सांभाळत मीही पंप केलाय, बारा वर्षं झाली त्याला. दुसऱ्यांदा वाचलं ते तू अकाऊंट्सला आहेस हे लक्षात ठेवून, आणि तेव्हा जाणवलं की तुझं दूध चुकत नाहीये, हिशोब चुकतोय. खर्चाची बाजू फुगलीय आणि जमेची बाजू कमी दाखवली जातेय. तुझ्या ऑफिसात असा ताळेबंद कोणी आणून दिला असता तर तू तो तसाच पास केला असतास का?

आधी खर्च बघू. अंगावर पिणारं बाळ पहिल्या महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंत २४ तासांत साधारण ७५० मिली पितं, कोणी थोडं कमी कोणी थोडं जास्त, आणि गंमत म्हणजे वय वाढतं तसा हा आकडा फारसा वाढत नाही. डब्याच्या दुधाचं माप वाढत जातं म्हणून आपल्याला वाटतं याचंही वाढत असेल. ७५० भागिले २४ केलं की तासाला ३० मिलीच्या आसपास येतं. तू घराबाहेर असतेस साडेअकरा तास. म्हणजे गरज झाली साधारण ३५०. तू निघताना पाजून निघतेस आणि आल्याआल्या पाजतेस (तसं करत असशील असं धरलंय, नसशील तर उद्यापासून कर) तर ३०० ते ३५० मध्ये निभावतं. मग ४८० कुठून आले?

बाटलीतून आले, दुसरं काय. बाटली उलटी उभी धरून बाळाला पाठीवर झोपवून पाजली की दूध आपोआप तोंडात गळत राहतं, बाळ बिचारं गिळत राहतं, त्याला थांबताच येत नाही, आणि आजीला वाटतं किती भुकेली होती गं माझी बाय. शिवाय तू स्वतःच पुढे लिहिलंयस (जागेअभावी छापलं नाही) की बाटलीत उरलेलं सासूबाई बेसिनमध्ये ओततात. प्रत्येक बाटलीत २०-३० मिली जरी उरलं तरी चार बाटल्यांत तुझं एक अख्खं सेशन मोरीत गेलं ना!

तर पहिलं काम, १२० ची बाटली भरून ठेवणं बंद. ६०-६० मिलीचे छोटे डबे भर, काचेचे स्टीलचे कसलेही, घट्ट झाकणाचे. एक डबा पाजा, अजून हवं असेल तर दुसरा उघडा. तोंड लागलेलं दूध दोन तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं, म्हणून छोटी मापं. पाजताना बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी ठेवायची, मध्येमध्ये थांबायचं, म्हणजे तिला पोट भरलं हे कळायला वेळ मिळतो. किंवा खरं सांगू का, बाटलीच कशाला हवी. आपल्याकडचे बरेच बालरोगतज्ज्ञ बाटलीला नाहीच म्हणतात, कारण निपलच्या खाचा नीट साफ होत नाहीत. वाटी-चमच्याने दे, आणि सासूबाईंकडे तुझ्या नवऱ्याचं चांदीचं बोंडलं नक्की असेल कपाटात कुठेतरी, ते काढायला सांग. हे मी उगाच सुचवत नाहीये. बोंडल्याने पाजणं ही त्यांची विद्या आहे, तिथे त्या तुझ्या गुरू होतात, आणि मग "शिळं दूध" वगैरे आपोआप मागे पडतं. बारा वर्षांत मी एवढंच शिकलेय की घरातल्या मोठ्या बाईशी वाद घालून जिंकण्यापेक्षा तिला तिच्या हातखंड्याचं काम दिलेलं बरं.

आता जमा. साडेअकरा तासांत बाळ अंगावर असती तर चारेक वेळा प्यायली असती. तू काढतेस दोन वेळा. दूध मागणीवर बनतं गं, छाती रिकामी झाली की शरीराला निरोप जातो अजून बनवा, आणि तासन्‌तास भरलेली राहिली की निरोप जातो पुरे झालं आता. म्हणजे सासूबाईंचं वाक्य जरासं बदललं की बरोबर होतं, पंपाने दूध आटत नाही, पंप न केल्याने आटतं. तर ऑफिसात तीन वेळा कर. ११ वाजता, २ वाजता जेवणाला जोडून, आणि ५ वाजता. प्रत्येकी १५-२० मिनिटं. दोनदाच पण अर्धा-अर्धा तास बसण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं हे केव्हाही चांगलं.

आणि एक चौथं, ते घरी. पहाटे दूध सगळ्यात जास्त असतं. सहाच्या सुमारास ती एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूला पंप लाव, ती पिते त्याने पान्हा फुटतोच, त्याचा फायदा पंपाला मिळतो. मी हे करायचे तेव्हा माझा मुलगा पंपाच्या घुर्र घुर्र आवाजाकडे बघून हसायचा आणि सोडून द्यायचा, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, तेव्हा हे अगदी सरळ सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण ५०-६० मिली इथून आले तरी तुझा उद्याचा एक डबा झाला.

आता पंपाबद्दल, कारण मला खरा संशय त्याच्यावर आहे. नणंदेचा म्हणजे किती वर्षांचा? पंपात पिवळट किंवा पांढरी सिलिकॉनची छोटी झडप असते, काहींमध्ये बदकाच्या चोचीसारखी, तिला दुकानदार डकबिल व्हॉल्व्हच म्हणतात. रोज वापर असेल तर ती दोन-तीन महिन्यांत सैल पडते, चोच नीट मिटत नाही, आणि मग मोटर कितीही ओरडली तरी ओढ येत नाही. उजेडात धरून बघ, चोच मिटलेली हवी. तीन वर्षं कपाटात पडलेल्या पंपाची ती कडक तरी झाली असेल नाहीतर फाटली तरी असेल. ती बदल, सोबतची रबरी पातळ चकती असेल तर तीही बदल. नवीन पंपाच्या मानाने किरकोळ खर्च आहे हा, आणि कित्येकींचं "आटलेलं" दूध नवीन व्हॉल्व्हने दुसऱ्या दिवशी परत आलेलं मी पाहिलंय. सोबत हेही बघ की तो क्लोज्ड सिस्टिमचा आहे का, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा आहे का. नसेल तर नळीतून दुधाचा ओलावा आत मोटरपर्यंत जातो, तिथे बुरशी धरते आणि ते साफ करता येत नाही, तसला पंप नणंदेला प्रेमाने परत कर. नवीन घ्यायची वेळ आली तर डबल घे, दोन्ही बाजू एकदम होतात, वेळ निम्मा. ब्रँड मला विचारू नकोस, पार्ट्स तुझ्या गावात किंवा ऑनलाइन पटकन मिळतात का एवढं बघ, बाकी सगळं जाहिरातबाजी.

मग ते छातीवर लावायचं फनेल, फ्लँज म्हणतात त्याला. बॉक्समध्ये बहुतेक वेळा २४ मिमीचं येतं आणि आपण समजतो तेच सगळ्यांना लागतं, जसं काही फ्री साइज कुर्ता. निपलचा व्यास मोजपट्टीने मोज (फक्त निपलचा, भोवतालचा काळा भाग नाही) आणि त्याच्याइतकं किंवा दोन-तीन मिमी मोठं एवढंच हवं. खूप जणींना १७, १९, २१ लागतं. मोठ्या फनेलमध्ये भोवतालची कातडी पण ओढली जाते, दुखतं, आणि दूध कमी येतं. आत बसवायचे छोटे सिलिकॉनचे इन्सर्ट स्वस्त मिळतात. आणि सक्शन फुल्ल केलं की जास्त दूध येतं हा गैरसमज सोड, दुखायला लागलं की पान्हा उलट थांबतो. दुखत नाही तिथपर्यंतच वाढवायचं.

पान्ह्याचं सांगते. आपल्या भाषेत "पान्हा फुटणे" म्हणतात ना, ते अगदी नेमकं आहे, दूध बनणं वेगळं आणि सुटणं वेगळं. सुटायला ऑक्सिटोसिन लागतं आणि ते बाळाच्या आवाजाने, वासाने, आठवणीने येतं, आणि भीतीने, लाजेने, घाईने अडतं. आता तूच सांग, टॉयलेटमध्ये बाहेरून कोणीतरी दार खडखडवतंय, फ्लशचा आवाज चाललाय, तुला वाटतंय साडेबाराच्या मीटिंगला उशीर होतोय, तिथे कुठून पान्हा फुटणार? ७५ मिली प्रत्येक वेळी निघतं ते तसल्या जागी निघतंय हेच मला कौतुकाचं वाटतं. दोन फीडच्या मध्ये कोणी पंप केला तर दोन्ही बाजू मिळून ३०-६० निघणं अगदी नॉर्मल असतं, आणि एका फीडच्या जागी केला तर ६० ते १२०. तू त्यात बसतेस गं. पंपाला मशीन म्हणून जेवढं काढता येतं तेवढं तो काढतो, तुझी मुलगी त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार आहे या कामात, म्हणून पंपाचा आकडा हा तुझ्या दुधाचा आकडा नाहीच. तुझ्या दुधाचा खरा आकडा बघायचा असेल तर शनिवार-रविवारी बघ, अंगावर पिऊन ती समाधानी आहे का, दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होतायत का, डॉक्टरांच्या काट्यावर वजन चढतंय का. हे सगळं हो असेल तर विषय संपला.

थोड्या युक्त्या. पंप लावायच्या आधी एखाद मिनिट हाताने हलकं चोळ, सुरुवातीला मशीन जलद-हलक्या मोडवर ठेव आणि धार लागली की हळू-खोल मोडवर ने. पंप चालू असताना हाताने हळूच दाबत राहा, शेवटी दोन मिनिटं नुसत्या हाताने काढ, त्याने बराच फरक पडतो. तिचं न धुतलेलं दुपटं पिशवीत ठेव आणि वास घे, फोनवर तिचा व्हिडिओ लाव (रडतानाचा पण चालतो, उलट जास्त चालतो!). आणि बाटलीवर एक मोजा चढव. हो, पायमोजा, तिचाच छोटासा. किती भरलं बघत बसलं की धार थांबते.

आता जागा. इथे जरा रागावून लिहिते. तुझ्या मनात हे मॅनेजरकडे मागायची मेहेरबानी आहे. नाहीये ती. आपल्याकडे १९६१ साली मॅटर्निटी बेनिफिट कायदा आला, त्यात कलम ११ असं होतं की मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन जास्तीचे नर्सिंग ब्रेक मिळायला हवेत. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ ची २६ आठवडे झाली हे सगळ्यांना माहीत असतं, हे दोन ब्रेक ५६ वर्षं आधीपासून आहेत ते कोणी सांगत नाही. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतलीय, तिच्यातही ते तसेच ठेवलेत. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर पाळणाघराचीही तरतूद आहे, आता अंधेरीच्या पाळणाघराचा डोंबिवलीच्या बाळाला काय उपयोग, घाटकोपरला उतरून तान्हीला घेऊन मेट्रोचा जिना कोण चढणार, पण तो वेगळा विषय. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करायचं दोघांनी मिळून ठरवता येतं, तेही कायद्यात लिहिलेलं आहे. तुझ्या खात्यात महिन्याच्या मधले काही दिवस तरी ते जमण्यासारखं असेल, विचारून बघ.

मॅनेजरला तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर नको सांगूस. ईमेल कर, एचआरला, त्याला सीसीत ठेव. चार ओळी. मी अमुक तारखेला मॅटर्निटी लीव्हवरून परत आले, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत मला रोज ११, २ आणि ५ ला २०-२० मिनिटांचे नर्सिंग ब्रेक लागतील, त्यातलं दोनचं मी जेवणाच्या सुट्टीत घेईन, त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि एक प्लग पॉइंट द्यावा. ब्रेस्ट हा शब्द पण लिहायला नको, नर्सिंग ब्रेक पुरतो. जागा तूच सुचव, हे महत्त्वाचं, नाहीतर ते महिनाभर बघतो बघतो म्हणतात. छोटी मीटिंग रूम, सर्व्हर रूमच्या बाजूची खोली, जुन्या फाइलींची खोली. काचेची असेल तर काचेवर ब्राऊन पेपर. मला आमच्या ऑफिसात स्टेशनरीची खोली मिळाली होती, मी ए४ च्या रिमांच्या थप्पीवर बाटल्या ठेवायचे, आणि दारावर "ऑडिट चालू आहे" अशी पाटी लावायचे. एकदाही कोणी दार वाजवलं नाही.

(जाता जाता, आपल्या एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, नाव किती छान निवडलंय, रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली गवळण. प्रवासात लागलं तर शोध. मला एकदा एका स्टँडवर सापडला तेव्हा त्याला कुलूप होतं आणि किल्ली असणारा माणूस चहाला गेला होता.)

सासूबाईंच्या "शिळं" शब्दाकडे येऊ. त्यांना सांग, सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात १९८९ पासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. तिथे आयांनी काढून दिलेलं दूध साठवून कमी दिवसांच्या, मूठभर वजनाच्या बाळांना देतात. त्या बाळांना चालतं तर आपल्या गुटगुटीत नातीला का नाही चालणार? सावध राहा, त्या लगेच म्हणतील की मग तिथे तापवत असतीलच की. हो, बँकेत पाश्चराइज करतात, कारण ते दुसऱ्या आईचं असतं. स्वतःच्या बाळाला स्वतःच्या आईचं दूध देताना लागत नाही.

आणि हे नक्की बजाव, कारण आपल्या स्वयंपाकघरात दूध म्हटलं की हात पातेल्याकडे जातो. हे दूध गॅसवर ठेवायचं नाही, उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही, त्यात एका जागी चटका बसेल इतकं गरम होतं आणि बाकी गार राहतं. गरम पाण्याच्या वाटीत डबा ठेवायचा, कोमट झालं की झालं. वर पिवळसर थर जमतो ती साय आहे, नासलेलं नाही, हलकेच गोल फिरवलं की मिसळते. खालचं निळसर पाणचट दिसतं तेही बरोबरच. कधी फ्रीजरमधल्या दुधाला साबणासारखा वास येतो, आईच्या दुधातलंच एक एन्झाइम त्याला कारण असतं, बाळाने प्यायलं तर काही बिघडत नाही, तोंड फिरवलं तर मात्र ते साठवणं सोडून रोजचं ताजं वापरायचं.

किती टिकतं तर, २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास, पण आपल्या मे महिन्यात खोली २५ असते का, म्हणून काढलं की लगेच गार करायचं. फ्रिजमध्ये चार दिवस, आत मागच्या बाजूला, दारात नाही, दाराची उघडझाप किती होते तुला माहितीये. फ्रीजरमध्ये सहा महिने. एकदा वितळलं की २४ तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. आणि आईस पॅक घातलेल्या जाड इन्सुलेटेड पिशवीत २४ तासांपर्यंत चालतं, म्हणजे अंधेरी ते डोंबिवली दोनदा जाऊन आलीस तरी काही होत नाही.

फ्रिजचे ते चार दिवस नीट लक्षात घे, कारण फ्रीजर भरायचं तुझं टेन्शन इथेच संपतं. सोमवारी काढलेलं मंगळवारी पाजायचं, मंगळवारचं बुधवारी, आणि शुक्रवारचं फ्रिजमध्ये थांबतं सोमवारसाठी. शनिवार-रविवार अंगावर. चालू खातं ठेव, फिक्स डिपॉझिट कशाला. फ्रीजरमध्ये दोन दिवसांचं अडीअडचणीला राहिलं की बास, लाईट गेली तर जीव जायला नको. त्या इन्स्टावाल्यांमध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच असतात, तिकडे खाजगी नोकरीतल्या बाईला देशपातळीवरच्या कायद्याने पगारी बाळंतपणाची रजाच नाही, १२ आठवडे मिळाले तर तेही बिनपगारी, दोन महिन्यांचं बाळ सोडून कामावर जायचं म्हणून त्या घाबरून साठवतात. तुझी गरज ती नाही. आणि गरजेपेक्षा जास्त काढत राहिलं तर शरीर तेवढं बनवायला लागतं मग छाती दगडासारखी होते, गाठी येतात.

गाठ आली तर काय, ते पटकन सांगते. मालिशवालीला बोलावून जोरात चोळून घ्यायचं नाही, त्याने सूज वाढते. गार पट्टी ठेवायची, नेहमीसारखं पाजायचं, जादा पंप नाही. ताप आला, लाल चट्टा पसरला, किंवा दिवसभरात उतार नाही तर सरळ डॉक्टर. अंगावर पाजणं बंद करायची गरज नसते तेव्हाही.

धुण्याचा व्याप तू लिहिला नाहीस पण तो असणार. माझा सल्ला, पार्ट्सचे अजून दोन सेट घे, फनेल-व्हॉल्व्ह-बाटली, म्हणजे ऑफिसात तिन्ही वेळा कोरडा स्वच्छ सेट काढायचा आणि वापरलेला वेगळ्या झिपच्या पिशवीत टाकायचा, घरी येऊन सगळे एकदम. घरी पण सिंकमध्ये थेट नाही टाकायचे, त्यासाठी एक वेगळं घमेलं आणि वेगळा ब्रश, साबणपाणी, मग दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, आणि स्वच्छ पंचावर वाळत. मोटरची नळी मात्र उकळू नकोस. हे काम नवऱ्याचं. पाजणं त्याला जमत नाही, घासणं जमतं.

खाण्याबद्दल सासूबाई अळिवाचे लाडू करत असतील तर बिनधास्त खा, शेपूची भाजी खा, बाळंतशोपा चघळ, चांगलंच आहे सगळं, लोकलमध्ये उभं राहून भूक पण सपाटून लागते. पण लाडवाने दूध वाढेल आणि म्हणून तिसरं सेशन टाळता येईल असं नाही होत. पाळी परत सुरू झाली असेल तर त्या चार-पाच दिवसांत पंपाचा आकडा खाली येतो, तेव्हा घाबरू नकोस, परत चढतो.

राहता राहिलं डब्याचं दूध. मी त्याच्या विरोधात झेंडा घेऊन उभी नाही. वर सांगितलेलं सगळं दोन आठवडे मनापासून करून बघ आणि तरी ५०-६० मिलीचा खड्डा राहिलाच तर तुझ्या बालरोगतज्ज्ञांना विचारून एक वेळ डब्याचं दिलंस म्हणून तू कमी आई होत नाहीस आणि बाकीचं दूध वायाही जात नाही. पण मला वाटतं ती वेळ येणार नाही, कारण पंधरा दिवसांत तिचं उष्टावण आहे! मग नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाचं वरण सुरू होईल, वर्षापर्यंत मुख्य अन्न दूधच राहील तरी दुपारच्या एखाद्या डब्यावरचा ताण हळूहळू कमी होत जाईल. शिवाय तुझी मुलगी स्वतः पण हिशोब जुळवून घेईल, खूप बाळं आई दिवसभर नसली की दिवसा कमी पितात आणि रात्री भरून काढतात. त्याने तुझी झोप मोडेल, ते खरं. पण रात्री दोनला ती उठली की "दूध पुरत नाही म्हणून उठते" असं घरात कोणी म्हणालं तर आता तुला उत्तर माहितीये.

तर मांडून बघ: सकाळचे ५०-६०, ऑफिसचे तीन वेळा ७०-८०, झाले की २६० ते ३००. गरज ३०० ते ३५०, त्यातून मोरीत जाणारं बंद. उरलेली फट फ्रीजरमधल्या साठ्यातून उष्टावणापर्यंत भागते. व्हॉल्व्ह बदलल्यावर ७० चे ९० झाले तर मला कळव, नाही झाले तरी कळव.

लेडीज डब्यात कोणी त्या काळ्या पिशवीत काय आहे विचारलं तर डबा आहे म्हणून सांग, खोटं नाहीये ते. आणि दोन्ही आईस पॅक रात्रीच फ्रीजरमध्ये टाक, सकाळी दार ओढून घेताना आठवून काही उपयोग नसतो.